दुसरी किल्ली कुठे ठेवायची?

प्रिय काका,

असले प्रश्न तुमच्या सदरात चालतात का, माहीत नाही. आधीच माफी मागून ठेवतो. मी ३३ वर्षांचा, मूळचा नाशिकचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मिलिंद (नाव बदललंय) आणि मी सहा वर्षं एकत्र राहतो. दोघांच्याही घरच्यांच्या लेखी आम्ही रूममेट.

गेल्या वर्षी मी चॅस्टिटी केज मागवला, म्हणजे लिंगाला लावायचा कुलपाचा पिंजरा. आधी दोन-दोन तास, मग रात्रभर, मग आठवडा. ऑनलाइन ओळखी झाल्या, सगळे आपल्यासारखेच गे पुरुष, कुणी ब्राझीलचा, कुणी कॅनडाचा. ऑक्टोबरात 'लॉकटोबर' केला, पूर्ण ३१ दिवस. नंतर काढावासाच वाटेना. आता एक 'सर' माझे की-होल्डर आहेत, म्हणजे किल्लीवर ताबा त्यांचा. हॅम्बुर्गला असतात. किल्ली ज्या डबीत आहे तिच्या कुलपाचा नंबर त्यांच्याकडे. आठवड्यातून एकदा धुण्यापुरतं उघडू देतात. पाच महिने झाले.

रात्री तीन-चारदा दुखून जाग येते. सवय व्हायला वेळ लागतोय बहुतेक. रिंगखाली लाल चट्टा आलाय, मेडिकलमधून ट्यूब आणून लावतोय. मिलिंद सुरुवातीला हसला होता. आता म्हणतो, "घरात तिसरा माणूस राहायला आलाय," आणि हॉलमध्ये झोपतो. सर म्हणतात, खरं 'लाँग टर्म' म्हणजे वर्षभर, आणि त्यासाठी कपाटातली दुसरी किल्लीसुद्धा त्यांना कुरिअर कर, किंवा सरळ ॲपवर चालणारं ब्लूटूथचं कुलूप घे. शिवाय दरमहा पाच हजार 'ट्रिब्यूट' (नजराणा) आणि चेहऱ्यासकट एक फोटो मागतायत. लोकांचे हजार-हजार दिवस झालेत. मला जमेल का? याने काही कायमचं बिघडतं का? आणि मला वेड तर लागलं नाही ना?

— कुलूपबंद, पुणे

अरे कुलूपबंद,

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, नाहीतर तोवर तू कुरिअरवाल्याला बोलावून बसशील. दुसरी किल्ली पाठवायची नाही. हॅम्बुर्गला नाही आणि कुठेच नाही. ती तुझ्या घरात राहील, अर्ध्या झोपेतही दोन मिनिटांत हाताला लागेल अशा जागी. यावर चर्चा नाही. बाकी सगळ्यावर आहे.

आणि माफी कसली मागतोस? १९३४ साली मुंबईत र. धों. कर्व्यांना 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या हस्तमैथुनाविषयीच्या आणि समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं. त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. त्या मानाने आपण दोघं फार स्वस्तात सुटतोय. विचार बिनधास्त.

तू विचारतोस, काही बिघडतं का. तुझ्या पत्रात उत्तर आहे, फक्त तू त्याची दोन दुखणी केली आहेस. रात्री जाग येते हे एक आणि चट्टा हे दुसरं, असं तुला वाटतंय. ते एकच आहे. निरोगी पुरुषाला झोपेत, मुख्यतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास टिकते. मनात काही असो वा नसो. त्या भागाला ताजं, प्राणवायू भरलेलं रक्त मिळण्याची ती वेळ असते. तुझ्या पिंजऱ्यात पुढे जायला जागा नाही, म्हणून सगळा जोर मागे अंडकोशापाशी अडकवलेल्या रिंगवर येतो, रिंग कातडी ओढते, आणि जिथे ओढते तिथेच तुझा चट्टा आहे. तू याला 'सवय व्हायला वेळ लागतोय' म्हणतोस. पाच महिन्यांत झाली नाही ती सवय सहाव्या महिन्यात होत नसते रे. रिंगचं माप चुकलंय, किंवा रात्री घालणं तुझ्या अंगाला मानवत नाहीये, किंवा दोन्ही.

माप बघायची साधी रीत आहे. रिंग आणि अंग यांच्या मधून करंगळी जायला हवी, फार ओढाताण न होता. जात नसेल तर रिंग लहान आहे. रक्त आत येतं पण परत जायला त्याला वाट मिळत नाही आणि सूज चढते. उलट दोन बोटं सहज जात असतील तर रिंग मोठी; मग अंडकोशातली एखादी गोळी त्यातून मागे निसटते आणि त्या वेदनेचं वर्णन इथे करत नाही. या रिंगा साधारण ४० ते ५० मिलिमीटरच्या असतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरकही जाणवतो. बऱ्याच संचांबरोबर तीन-चार मापांच्या रिंगा येतात. त्या डब्यातच पडून असतील तर काढ. धातूचा असेल तर आणखी एक बघ: स्वस्त मुलाम्याच्या मालात निकेल असतं, आणि घड्याळाच्या पट्ट्याने किंवा बेल्टच्या बकलाने ज्यांना खाज सुटते त्यांना तिथेही सुटते.

आता ती ट्यूब. माझी एक जुनी मैत्रीण साताऱ्यात स्किनची डॉक्टर आहे. तुझं पत्र (नाव-गाव काढून) तिला वाचून दाखवलं तेव्हा पिंजऱ्याचं ऐकून तिची भुवईसुद्धा हलली नाही. 'मेडिकलमधून ट्यूब' म्हटल्यावर मात्र फोनवरच ओरडली. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आतल्या आत गजकर्ण पसरत राहतं. पुढे ते कुठल्याच औषधाला दाद देईनासं होतं. जांघेची कातडी मुळात पातळ, तिथे स्टेरॉइड लावत राहिलं की ती आणखी पातळ होते, आणि तुझ्या त्या कातडीवर दिवसरात्र रिंग घासतेय. ट्यूबवर बारीक अक्षरात बघ. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही दिसलं तर आजच बंद कर आणि डॉक्टरला दाखव. चट्टा पूर्ण जाईपर्यंत पिंजरा घालायचा नाही. 'पूर्ण' म्हणजे रंगही नेहमीसारखा झाल्यावर.

आठवड्यातून एकदा धुणं हे तर मला वाचवेना. इथे एक गोष्ट तुझ्या त्या सरांच्या किंवा कॅनडावाल्याच्या लक्षात आलेली नसेल. इंग्रजीत या विषयावर जे सल्ले फिरतात ते लिहिणारे बरेचसे अमेरिकन, आणि तिकडे बहुसंख्य पुरुषांची लहानपणीच सुंता झालेली असते. 'केजमधूनच शॉवर मारा, पुरतं' हे त्यांचं गणित आहे. ज्याची पुढची कातडी शाबूत आहे त्याच्या कातडीखाली रोज पांढरट मळ साचतो आणि तो पिंजऱ्याच्या फटीतून पाणी मारून निघत नाही. कातडी मागे घेऊन धुवावंच लागतं, आणि धुतल्यावर कोरडं करावं लागतं. नाहीतर आत दाह होतो, वास येतो, लघवीला जळजळ होते. घरात मधुमेह असेल तर साखरही तपासून घे, कारण साखर वाढलेल्यांना हा त्रास फार लवकर धरतो. शिवाय पिंजऱ्यात कातडी मागे सरकून तिथेच अडकली आणि पुढे सुजली, तर ती थेट इमर्जन्सी असते.

पुण्याच्या ऑक्टोबर हीटमध्ये सलग ३१ दिवस! लॉकटोबर ज्यांनी काढला ते थंड देशातले होते हे उघड आहे.

तेव्हा रोज काढायचं, धुवायचं, पुसायचं आणि निदान काही तास मोकळं राहायचं. रात्री तर सध्या नकोच. असं केलं तर 'लाँग टर्म' राहत नाही, असं तुला कुणी म्हणेल. म्हणू दे. लोक वापरतात त्या टायमरच्या ॲपमध्येसुद्धा सफाईसाठी तात्पुरतं उघडायची सोय ठेवलेली असते, कारण ती ज्यांनी बनवली त्यांना अंग म्हणजे काय ते माहीत आहे.

एवढं मात्र पाठ कर. भाग निळा-जांभळा दिसला, गार लागला, बधिर झाला, सूज चढत चालली किंवा लघवी अडली, तर त्या क्षणी उघडायचं. सरांना मेसेज नाही, फोटो नाही, परवानगी नाही. एका गोळीत अचानक जोरात कळ आली, मळमळलं, तर उघडून सरळ हॉस्पिटल. गोळीला पीळ पडला असेल तर ती वाचवायला हातात साधारण सहा तास असतात. आणि उघडता येत नसेल तर लाजेपायी घरी पक्कड-करवत चालवत बसू नकोस. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी अडकलेल्या अंगठ्यांपासून नटबोल्टपर्यंत सगळं पाहिलेलं असतं, कापायची साधनंही त्यांना माहीत असतात. उशिरा येणाऱ्याला ते रागावतात, आणि बरोबरच रागावतात. मोकळं राहूनही आठवडाभरात सकाळची ताठरता परत आली नाही, किंवा ताठर असताना वाकडेपणा किंवा गाठ जाणवली, तर युरोलॉजिस्टला दाखव आणि पिंजऱ्याचं लपवू नकोस. ते लपवलंस तर तपासण्यांत नुसते पैसे जातील.

तू दुचाकीवर हिंडतोस ना? आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांतून, सीटवर, त्या रिंगसकट? उद्या कुठे पडलास आणि तुला शुद्धीत नसताना एमआरआयसाठी नेलं, तर तिथे धातू चालत नाही. किल्ली हॅम्बुर्गच्या एका टपालपेटीत. मिलिंदने काय करायचं?

ब्लूटूथच्या कुलपाबद्दल एक खरी गोष्ट ऐक. चीनमधल्या क्वियुई नावाच्या कंपनीने 'सेलमेट' नावाचा ॲपवर चालणारा पिंजरा काढला होता. त्याला हाताने उघडायची किल्लीच नव्हती, सगळं फोनवर. ऑक्टोबर २०२० मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश सुरक्षा-तज्ज्ञांनी जाहीर केलं की त्याच्या सर्व्हरमध्ये इतकं मोठं भगदाड आहे की कुणीही परका जगातली सगळी यंत्रं एकदम कुलूपबंद करू शकतो, शिवाय वापरणाऱ्याचं ठिकाणही त्याला कळू शकतं. मग बाहेर पडायचं तर ग्राइंडर किंवा बोल्ट कटर, तोही कुठे चालवायचा ते तूच बघ. आणि तसंच झालं. काही जणांची कुलपं कुणीतरी लांबून बंद केली आणि उघडायचे ०.०२ बिटकॉइन मागितले. तू सॉफ्टवेअरवाला आहेस. प्रॉडक्शनमधला कोड कसा असतो ते तू रोज बघतोस. तो तिथे बांधशील?

आता हजार दिवसांचं. तुझ्या पत्रात आकडे किती आहेत ते मोजून बघ. ३१ दिवस, पाच महिने, वर्षभर, हजार. कशात मजा येते याबद्दल एक ओळ नाही. कुणाचे हजार दिवस झाले असतीलही, पण त्यात धुण्याचे तास, आजारपणं, विमानप्रवास, दवाखाना किती होते ते कोण सांगतंय? पुरुषांना मोजायला आवडतं. कोल्हापूरच्या तालमीत 'लंगोटाचा पक्का' म्हणून मिशीला पीळ देणारे पैलवान आणि दिवसांचा काउंटर मिरवणारे तुझे मित्र यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. तू नाशिकचा. सिंहस्थात वैष्णवांच्या आखाड्यांबरोबर येणारे, कमरेला लाकडाचा आडबंद बांधणारे काठिया साधू लहानपणी पाहिले असतील. त्यांनी निदान संसार सोडलेला असतो. तू भाडेकरार मिलिंदबरोबर केलायस.

त्यातून 'वीर्य साठवलं की तेज वाढतं' असलं काही तुझ्या डोक्यात शिरलं असेल तर तेही काढून टाक. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वगैरे ऐकून आपल्याकडच्या किती पिढ्या झुरल्या. त्या झुरण्याला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. उलट अमेरिकेत ३१,९२५ पुरुषांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. महिन्याला २१ किंवा जास्त वेळा वीर्यस्खलन होणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण महिन्याला ४ ते ७ वेळावाल्यांपेक्षा कमी दिसलं. त्यावरून घाबरायचं कारण नाही. असल्या नोंदींतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. एवढंच की साठवून ठेवण्यात पुण्य नाही. मजा असली तर आहे. मजेसाठी कर.

मजा आहे, हे मी मान्य करतो. मला स्वतःला या प्रकाराची ओढ कधी वाटली नाही, पण हेल्पलाइनवर आणि ओळखीपाळखीत इतक्या जणांकडून ऐकलंय की समजतं. दिवसभर मीटिंगमध्ये बसून फक्त स्वतःलाच माहीत असलेलं एक गुपित. निर्णय घ्यायची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात. आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत आणखी एक आहे. आपली इच्छा आपण पोरवयापासून लपवत आलो, दाबत आलो, कुणी न सांगता. आता कुणीतरी ती इच्छा ओळखून, हसून म्हणतो, 'दे इकडे, मी सांभाळतो.' ज्याला हे कधी मिळालं नाही त्याला त्याची नशा चढणारच.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तू कुलपासाठी काही देतच नाहीयेस. सर रोज सकाळी विचारतात ना, 'कसा आहेस, झोप लागली का, फोटो पाठव'? ते विचारणं तू विकत घेतोयस. सहा वर्षांच्या संसारात असं सकाळी कोण विचारतं? गॅस संपलाय का, एवढंच विचारतात. यात मिलिंदचा दोष आहे असं म्हणत नाही. तूही त्याला विचारत नसशील.

म्हणून आता त्याच्याकडे वळतो, कारण मला तुझ्यापेक्षा त्याची काळजी जास्त वाटतेय. पाच महिन्यांपूर्वी तुम्हा दोघांच्या अंथरुणाचा निर्णय तू एकट्याने घेतलास आणि त्याची किल्ली तिसऱ्याला दिलीस. कुलूप तुला लागलं, उपास त्याला घडला. तुला त्यातून दिवसभर गुदगुल्या होतात. त्याला काय मिळतं? रात्री तीन वेळा कण्हत उठणारा माणूस. तो हसला होता म्हणजे त्याने हो म्हटलं, असं तू धरून चाललास. हसण्यात हो असतंच असं नाही, कधीकधी माणूस काय बोलावं ते न सुचल्याने हसतो. आणि हॉलमध्ये झोपायला जाणं हे आपल्याकडच्या पुरुषांचं अत्यंत मोठ्याने बोलणं असतं.

काय करशील? आधी काढून ठेव. पूर्ण. चट्ट्यासाठी काढायचाच आहे, पण त्याला तेवढंच कारण सांगू नकोस. मग बोलायला बस. अंथरुणात नको, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. रविवारी तुम्ही मिसळ खायला जात असाल तर येताना पायी या. शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्याने बोलणं सोपं होतं. 'तुला न विचारता केलं, चुकलं' हे पहिलं वाक्य असू दे. 'पण तू तरी कुठे' हे दुसरं नसू दे. मग यात तुला काय आवडतं ते त्याला सांग. मला सांगितलं नाहीस तेवढं सांग. आणि त्याला काय बोचलं ते त्याला पुरतं बोलू दे, मध्ये समर्थन न करता.

एक सावधगिरी. लगेच किल्ली त्याच्या हातात कोंबून 'आता तूच माझा सर' असं करू नकोस. कित्येक जण हे करतात आणि मग बिचारा जोडीदार आदल्या दिवशीपर्यंत भाजी चिरत असतो तो दुसऱ्या दिवशी जेलर. त्याला ते नको असू शकतं. त्याला त्यातलं थोडंसंच हवं असू शकतं, समजा शनिवार-रविवारपुरतं, किंवा तू ऑफिसच्या कामाने बंगलोरला जाशील तेव्हा. किंवा तो म्हणेल, खेळ खुशाल, पण आपल्या खोलीत नाही आणि त्या परक्या माणसाबरोबर तर नाहीच. ही सगळी उत्तरं खरी धरायची. 'विचार करून सांगतो' हेसुद्धा. ज्या जोड्यांचं हे वर्षानुवर्षं छान चाललेलं मी पाहिलंय, त्यांच्यात किल्ली ज्याच्याकडे असते तोच डॉक्टरकडे सोबत जातो, तोच साबण आणून ठेवतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखून न मागता उघडतो. हॅम्बुर्गहून चेहरा दिसत नाही.

सरांचं आटोपतं घेतो. पाच हजार आणि चेहऱ्यासकट फोटो, दोन्ही नाही. पैसे घेऊन हुकूम देणं हा काही जणांचा उघड धंदा असतो, घेणारा-देणारा दोघंही राजी असतात, त्याला माझी ना नाही. पण कुलूप, सुटकेची एकमेव किल्ली, चेहरा आणि दरमहा रक्कम हे चारही एकाच अनोळखी माणसाने मागितले की त्याला खंडणीची तयारी म्हणतात, मग तो हॅम्बुर्गचा असो की हडपसरचा. खरा जाणता की-होल्डर 'घरात इमर्जन्सी किल्ली आहे ना?' हे पहिल्या दिवशी विचारतो. चेहरा गेलाच असेल आणि उद्या धमकी आली तर पैसे देऊ नकोस, एकदा दिलेस की आकडा वाढतो. चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीसाठीच आहे. 'पण मी गे आहे, पोलीस काय म्हणतील' हे डोक्यात येईल. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधात गुन्हा नाही, आणि ज्या कलमाने तो गुन्हा ठरायचा ते ३७७ नव्या संहितेत उरलेलंच नाही. तरी एकट्याने जायला नको वाटलं तर मुंबईत आपल्यासारख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. अशा तक्रारी त्यांना नव्या नाहीत.

वेड लागलंय का? नाही. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली, आणि २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीतून राजीखुशीचे हे बांधण्या-कोंडण्याचे खेळही गेले. आजार म्हणायचं तर त्यात कुणावर जबरदस्ती हवी, किंवा त्यापायी स्वतःला फार मानसिक त्रास किंवा गंभीर इजेचा धोका हवा. चट्टा आहे म्हणून सध्या 'किंचित इजा' एवढं लिहून ठेवू. काढल्यावर चार दिवस चैन पडणार नाही, हात तिकडे जाईल, रिकामं वाटेल. ते होतं आणि जातं. तीन आठवड्यांनंतरही कामात लक्ष लागेना, रडू येऊ लागलं, तर १४४१६ ला फोन कर, टेली-मानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

पुढे कधी पुन्हा घालावंसं वाटलं आणि मिलिंदही राजी असला, तर 'मनात आलं की उघडता येतं, मग मजा काय' हा तुझा प्रश्न उरेल. त्यावर साधा तोडगा आहे. बँकेच्या पैशांच्या पिशवीला असतं तसं नंबर छापलेलं प्लास्टिकचं सील मिळतं. दुसरी किल्ली छोट्या पिशवीत घालून त्याला ते लावायचं, नंबर मिलिंदने लिहून ठेवायचा. वेळ आली तर दाताने तोडता येतं. उगाच तोडलंस तर त्याला कळतं. कुलपापेक्षा हे जास्त अवघड असतं असं करणारे सांगतात.

फक्त ती पिशवी बाथरूममधल्या टूथपेस्टच्या डब्यात ठेवू नकोस. नाशिकहून आई आली की सगळ्यात आधी तोच डबा घासायला काढते.

— काका